श्रद्धेविषयी मौन राखण्याचा अधिकार

विशेष विवाह कायद्याखाली लग्न करू इच्छिणारे जोडपे ज्या कचेरीत अर्ज दाखल करते तिच्या भिंतीवर एक सूचनाफलक असतो, आणि त्या फलकावर, कायद्याच्याच आज्ञेने, तीस दिवसांच्या मुदतीची एक नोटीस लागते. वर आणि वधू यांची नावे, वये, व्यवसाय, वैवाहिक स्थिती, सध्याचा पत्ता, कायमचा पत्ता आणि तेथे किती काळ वास्तव्य आहे, एवढे रकाने १९५४ च्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत दिलेले आहेत. त्यांत धर्माचा रकाना नाही, आणि तो असण्याचे कारणही नाही, कारण या देशात दोन नावे शेजारी शेजारी मांडली की वाचणाऱ्यास जे समजावयाचे ते समजतेच. शिवाय या नोटिशींची वही कोणाही इसमास वाजवी वेळी विनाशुल्क पाहता येईल, अशीही तरतूद आहे. ज्यांनी हा कायदा केला त्यांचा हेतू सरळ होता: वर किंवा वधू यांचे पूर्वीचे लग्न कायम असेल, वय अपुरे असेल किंवा नाते निषिद्ध असेल, तर ज्याला ते ठाऊक आहे त्याने पुढे येऊन सांगावे. धर्म भिन्न असणे ही हरकत नव्हेच. तसे लग्न करता यावे म्हणूनच तर हा कायदा झाला, आणि १८७२ च्या जुन्या कायद्याने वधूवरांवर आपापला धर्म नाकारण्याची जी सक्ती केली होती ती या कायद्याने कायमची काढून टाकली.

परंतु १९५४ साली त्या फलकाचा वाचक म्हणजे काही कामानिमित्त कचेरीत आलेला, रांगेत उभा असलेला, सहज नजर टाकून पुढे जाणारा माणूस होता. आज त्या फलकासमोर उभा राहणारा कोणीही खिशातून मोबाईल काढतो, नोटिशीचे छायाचित्र घेतो, आणि ते जोडपे कचेरीच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर येण्यापूर्वीच त्यांची नावे आणि घरांचे पत्ते शेकडो अनोळखी माणसांच्या हाती पोहोचलेले असतात. केरळमध्ये तर नोंदणी खाते या नोटिसा आपल्या संकेतस्थळावर स्वतःच प्रसिद्ध करीत असे. आंतरधर्मीय जोडप्यांचे अर्ज तेथून उचलून समाजमाध्यमांवर फिरविले जात आहेत असे दिसून आल्यावर जुलै २०२० मध्ये त्या खात्याने हा प्रघात बंद केला. कायद्याचा शब्द तोच होता, कागद तोच होता आणि रकानेही तेच होते. बदलला होता तो केवळ वाचक, आणि त्या एका बदलाने हरकत मागविण्याचा कागद हा माणसे हेरण्याचा कागद झाला.

धार्मिक स्वातंत्र्याविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुतकरून प्रार्थनास्थळांची, मिरवणुकींची, भोंग्यांची आणि पोशाखांची होते. ते प्रश्न लहान नाहीत. परंतु या सर्वांच्या मुळाशी असलेला एक अधिकार असा आहे की ज्याच्यावाचून बाकीचे अधिकार पोकळ ठरतात, आणि आजच्या काळात सर्वाधिक संकटात आहे तो नेमका तोच: आपली श्रद्धा कोणती, ती बदलली काय, किंवा ती मुळीच नाही काय, हे कोणालाही न सांगण्याचा अधिकार. श्रद्धा ही दप्तरी नोंदविण्याची बाब नव्हे, हे तत्त्व आपल्या राज्यघटनेत अनुस्यूत आहे असे माझे प्रतिपादन आहे. आणि ज्या युगात प्रत्येक नोंद क्षणार्धात जाहीरनामा होऊ शकते त्या युगात हे तत्त्व कायद्याच्या स्पष्ट शब्दांत उतरविणे यापुढे टाळता येणार नाही.

घटनेचा पंचविसावा अनुच्छेद लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत तो जे हक्क देतो त्यांचा क्रम असा की सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य प्रथम येते, आणि धर्म मुक्तपणे प्रकट करणे, आचरणे व त्याचा प्रसार करणे हे हक्क त्यानंतर येतात. हे हक्क त्याने दिले आहेत ते धर्मांना नव्हे, पंथांना नव्हे, तर सर्व व्यक्तींना. पंथांच्या व्यवस्थापनाचे हक्क सव्विसाव्या अनुच्छेदात निराळे सांगितले आहेत. घटना घडत असताना हंसाबेन मेहता आणि राजकुमारी अमृत कौर यांनी आग्रहाने बजावले होते की धर्माचरणाचा हक्क अनिर्बंध ठेवला तर बालविवाह, पडदा आणि देवदासी यांसारख्या रूढी त्याच्या आड लपतील. त्या इशाऱ्याचे फळ म्हणजे सामाजिक सुधारणेचे कायदे करण्याची शासनाला दिलेली मुभा. म्हणजे आचरणावर समाजाच्या हितासाठी मर्यादा घालता येते, हे घटनाकारांनी मान्य केले. पण अंतःकरणातील श्रद्धेवर मर्यादा घालण्याचे, तिची झडती घेण्याचे किंवा तिची नोंद मागण्याचे सामर्थ्य त्यांनी कोणाच्याही हाती दिले नाही. आणि ज्या गोष्टीने कोणाची शांतता भंगत नाही, कोणाचे आरोग्य बिघडत नाही, तिच्यावर मर्यादा घालावयाची तरी कशाच्या आधारावर?

न्यायालयांनी हे तत्त्व वेळोवेळी उच्चारले आहे, आणि ज्या प्रकरणांत ते उच्चारले ती प्रकरणे साध्या माणसांची आहेत. १९८५ साली केरळमधील तीन शाळकरी भावंडांना शाळेतून काढण्यात आले. राष्ट्रगीताच्या वेळी ती अदबीने उभी राहत, पण आपल्या पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या ऑगस्टमध्ये त्यांना परत शाळेत घेण्याचा हुकूम दिला. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी लिहिलेल्या त्या निकालाचे मर्म हे की मौन राखणे हाही भाषणस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि श्रद्धेपोटी राखलेल्या मौनास पंचविसाव्या अनुच्छेदाचे संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ च्या सप्टेंबरात त्याच्याही पुढचे पाऊल टाकले: कोणत्याही सरकारी अर्जात आपला धर्म सांगण्याची सक्ती शासन नागरिकावर करू शकत नाही, आणि आपला कोणताच धर्म नाही असे लिहिण्याचा हक्क प्रत्येकास आहे, असा स्पष्ट निर्वाळा त्या निकालाने दिला. तो निकाल आपल्याच राज्यातला आहे. तरीही शाळेच्या प्रवेशअर्जापासून रुग्णालयाच्या नोंदणीपत्रकापर्यंत धर्माचा रकाना जागोजागी छापलेला आढळतो, आणि तो रिकामा ठेवला तर खिडकीपलीकडचा कारकून अर्ज परत करतो, ही गोष्ट आपण इतक्या निमूटपणे स्वीकारली आहे की ती सक्ती आहे याचेही भान आपल्याला उरलेले नाही.

श्रद्धेची नोंद घेण्याचा हव्यास कोठवर जातो हे जाणण्यासाठी मराठी माणसाला दूर जाण्याचे कारण नाही. गोव्यात १५६० साली पोर्तुगीजांनी स्थापन केलेले इन्क्विझिशन, मधली काही वर्षे सोडता, १८१२ पर्यंत चालू होते. त्या धर्मन्यायासनाचे खरे बळ तुरुंगात किंवा चितेत नव्हते; ते बातमीत होते. बाटलेल्या कुटुंबाने आपला जुना धर्म मनात जपून ठेवला आहे काय, हे शोधून काढणे हेच त्याचे मुख्य काम, आणि मनात शिरता येत नाही म्हणून ते घरात शिरले. १७३६ च्या त्याच्या फर्मानात घरापुढे तुळस लावण्यापासून पोशाखापर्यंत कितीएक गोष्टींना बंदी आहे, आणि त्यांतच एक बंदी अशी आहे की नव्या ख्रिस्त्यांनी हिंदूंच्या रीतीप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवू नये. चुलीवरच्या पातेल्यात मीठ पडले की नाही, याची राज्याने चौकशी करावी! पण ही चौकशी राज्य करणार कशी? शेजाऱ्याने सांगितले तर, गड्याने सांगितले तर, भावकीतल्या वैऱ्याने सांगितले तर. म्हणून ती यंत्रणा शेजाऱ्याला हेर करीत गेली, आणि आरोप कोणी केला हे आरोपीला कधीच कळू दिले जात नसे. त्या छळाच्या काळातच मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास गेला आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली. देव सीमेपलीकडे नेता आले, पण जे मागे राहिले त्यांना आपल्याच स्वयंपाकघरात जपून वागावे लागले. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली या विषयावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा हा सगळा इतिहास झाला असे वाचकांस वाटले असेल. मला मात्र तो आज अधिक जवळचा वाटतो, कारण घरात काय शिजते, माणूस किती वाजता कोठे जातो आणि कोणत्या देवस्थानास देणगी देतो, हे जाणून घेण्यासाठी आता शेजाऱ्याचीही गरज उरलेली नाही.

धर्मांतराविषयीच्या कायद्यांकडेही या दृष्टीने पाहिले पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्यांच्या पाठोपाठ लाखो माणसांनी घेतली, तेव्हा नागपूर मध्य प्रदेश राज्यात होते. ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आले त्यानंतरच्या १ नोव्हेंबरला. रायगढ, सरगुजा यांसारख्या संस्थानांनी स्वातंत्र्यापूर्वी धर्मांतरावर निर्बंध घालणारे कायदे केले होते, ओरिसाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये तसे कायदे केले. पण १९५६ च्या त्या विजयादशमीला नागपुरात उभ्या असलेल्या कोणाही माणसाला जिल्हाधिकाऱ्याकडे वर्दी द्यावी लागली नव्हती. कोणी म्हणेल की बाबासाहेबांनी तर १९३५ सालीच येवल्यात जाहीर घोषणा केली होती, मग वर्दी देण्यात वावगे काय? वावगे हे की घोषणा करणे हा स्वातंत्र्याचा वापर आहे आणि वर्दी देणे ही त्याची अट आहे. शिवाय बाबासाहेबांची गोष्ट निराळी आणि त्यांच्यामागे आलेल्या भूमिहीन मजुराची निराळी. त्या मजुराला आपले नाव, गाव आणि आपला इरादा महिनाभर आधी तहसील कचेरीत लिहून द्यावा लागला असता, तर ती बातमी तहसिलातून तलाठ्याकडे, तलाठ्याकडून पाटलाकडे आणि पाटलाकडून ज्याच्या शेतावर त्याची रोजी अवलंबून त्या मालकाकडे जाण्यास किती अवधी लागला असता? विहिरीचे पाणी, दुकानातली उधारी आणि रोजचे काम यांवर ज्याची मान गावाच्या हाती आहे, त्याच्यासाठी जिल्हाधिकाऱ्यास दिलेली नोटीस ही गावाला दिलेली नोटीस असते.

बळजबरी, फसवणूक किंवा आमिष यांनी कोणाचे धर्मांतर घडविणे हा अपराध आहे, आणि त्यास शिक्षा झालीच पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ओरिसा व मध्य प्रदेशाचे कायदे वैध ठरविताना दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा मूलभूत हक्क कोणासही नाही असे म्हटले, आणि तो निकाल आजही कायम आहे. परंतु दुसऱ्यावर जबरदस्ती करणाऱ्यास शासन करणे वेगळे, आणि स्वतःच्या मनाने श्रद्धा बदलणाऱ्यास फलकावर टांगणे वेगळे. हिमाचल प्रदेशाच्या २००६ च्या कायद्यात तीस दिवस आधी नोटीस देण्याची जी सक्ती होती ती त्या राज्याच्या उच्च न्यायालयाने २०१२ च्या ऑगस्टमध्ये घटनाबाह्य म्हणून रद्द केली, आणि तसे करताना आपली श्रद्धा गुप्त ठेवण्याचा हक्क माणसाला आहे हे मान्य केले. असे असतानाही उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्याने धर्मांतरापूर्वी साठ दिवस जिल्हाधिकाऱ्यास कळविणे भाग पाडले, आणि धर्मांतरानंतर जे निवेदन द्यावयाचे त्याची प्रत, पत्ता आणि पूर्वीच्या धर्मासह, कचेरीच्या फलकावर लावण्याची तरतूद केली. आपल्या महाराष्ट्रातही डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेणारी एक समन्वय समिती शासन निर्णयाने नेमली गेली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली धर्मांतरविषयक कायद्याचा विचार करण्यासाठी दुसरी समिती नेमण्यात आली. संकटात सापडलेल्या मुलीस साहाय्य करावे हा हेतू उत्तमच आहे. पण साहाय्य हे मागणाऱ्यास द्यावयाचे असते. ज्यांनी काहीही मागितलेले नाही अशा सज्ञान स्त्रीपुरुषांची यादी करणे, यास साहाय्य म्हणता येत नाही.

यादी कोणी कोणत्या हेतूने केली यावर तिचा उपयोग अवलंबून राहत नाही, हा विसाव्या शतकाने शिकविलेला अत्यंत दारुण धडा आहे. नेदरलँड्समध्ये लोकसंख्येच्या नोंदवह्या नेटक्या असत, आणि त्यांत प्रत्येकाचा धर्मही लिहिलेला असे. त्या ठेवणाऱ्या कारकुनांच्या मनात काडीचाही द्वेष नव्हता. १९४० मध्ये नाझी सैन्याने तो देश व्यापला आणि त्याच वह्या त्याच्या हाती आल्या. तेथील सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून अधिक मारले गेले. मार्च १९४३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रतिकारकांनी आपले प्राण पणाला लावून हल्ला केला तो शस्त्रागारावर नव्हे, तर त्या शहराच्या नोंदणी कचेरीवर. त्यांनी ते दप्तर जाळण्याचा प्रयत्न केला, कारण माणसे वाचवावयाची तर आधी कागद नाहीसे झाले पाहिजेत, हे त्यांस कळून चुकले होते.

युरोपाने हा धडा कायद्यात उतरविला. तेथे २०१८ पासून अमलात असलेल्या माहिती संरक्षण नियमावलीचा नववा अनुच्छेद धार्मिक श्रद्धा उघड करणाऱ्या माहितीवर प्रक्रिया करण्यास मुळातच मनाई करतो, आणि मग अपवाद मोजून सांगतो. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, आणि त्यानंतर न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये जो मसुदा दिला त्यात धार्मिक श्रद्धेची माहिती ही संवेदनशील माहिती म्हणून निराळी काढून तिला अधिक कडक संरक्षण दिले होते. २०१९ च्या विधेयकातही ती तरतूद होती. पण अखेर २०२३ मध्ये जो कायदा संमत झाला त्यात संवेदनशील माहितीचा वर्गच उरला नाही. परिणाम असा की कायद्याच्या दृष्टीने माणसाचा मोबाईल क्रमांक आणि माणसाची श्रद्धा यांच्या संरक्षणात अंतर राहिले नाही. आणि शासनाच्या ज्या यंत्रणांना केंद्र सरकार अधिसूचनेने सूट देईल त्यांना तर हे संरक्षणही बंधनकारक नाही.

ही उणीव किती मोठी आहे हे समजण्यासाठी आपल्या हातातल्या यंत्राकडे पाहावे. नमाजाच्या वेळा सांगणारे ॲप, एकादशीची आठवण देणारे ॲप, देवस्थानाच्या दर्शनाची ऑनलाइन नोंदणी, चर्चच्या प्रार्थनेचे थेट प्रक्षेपण, विवाहजुळणीच्या संकेतस्थळावर भरलेला अर्ज, उपवासाचे पदार्थ मागविल्याची पावती: यांतली प्रत्येक गोष्ट माणसाने आपल्या सोयीसाठी, स्वेच्छेने केलेली असते, पण या सर्वांतून त्याच्या श्रद्धेचे जे चित्र उभे राहते ते त्याने कोणाच्याही हाती दिलेले नसते. नमाजाची वेळ आणि दिशा सांगणाऱ्या एका जगप्रसिद्ध ॲपमधून वापरकर्त्यांच्या ठावठिकाण्याची माहिती दलाल कंपन्यांमार्फत अमेरिकी लष्कराच्या कंत्राटदारांपर्यंत पोहोचत होती, असे वृत्त २०२० च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले, आणि त्या ॲपच्या चालकांना संबंधित कंपनीशी असलेला व्यवहार तोडणे भाग पडले. भक्तीच्या कामासाठी घेतलेली माहिती पाळतीच्या कामास लागली. गोव्याच्या त्या न्यायासनाला असे साधन मिळाले असते तर भातातले मीठ तपासण्याची तसदी त्याने घेतली नसती.

इथवर मी शासन आणि कंपन्या यांच्याविषयी लिहिले. परंतु डिजिटल युगाने एक तिसरी सत्ता निर्माण केली आहे, आणि ती म्हणजे जमाव. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२२ मध्ये मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे त्यांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांतून उचलून त्यांचा लिलाव मांडणारी ॲप तयार करण्यात आली. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने आरोपींचा माग काढून त्यांना अटक केली. त्या स्त्रियांचा अपराध कोणता? त्या लिहीत होत्या, बोलत होत्या, आणि त्यांच्या नावांवरून त्यांचा धर्म कळत होता. जे विशेष विवाहाच्या नोटिशीबाबत घडले तेच येथे घडले: नाव हीच नोंद झाली, आणि नोंद हेच लक्ष्य झाले.

आणि ज्यांचा धर्म लपविण्याचा प्रश्नच नाही, जो अंगावरच्या वस्त्रांतून आणि खांद्यावरच्या झोळीतून दिसतो, त्यांचे काय? १ जुलै २०१८ च्या रविवारी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याच्या आठवडे बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण आले होते, त्यांतील बहुतेक मंगळवेढे तालुक्यातले. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत गावोगाव हिंडणे हा ज्यांचा धर्म आणि हीच ज्यांची उपजीविका, अशी ही माणसे. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून त्या भागात आधीच पसरली होती. जमावाने त्यांना मारीत नेऊन ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तेथे त्यांचा जीव घेतला. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांना अशाच अफवेने पछाडलेल्या जमावाने मारले. ते आपल्या गुरूंच्या अंत्यविधीस सुरतेकडे निघाले होते. त्या हत्येनंतर दुसरी अफवा उठली, आणि अटक झालेल्यांत एकही मुस्लिम नाही असे राज्याच्या गृहमंत्र्यांना जाहीर करावे लागले. ज्या भूमीत वासुदेव, गोसावी, जोगी आणि फकीर यांना दारातून रिकाम्या हाताने परत पाठवू नये असा संस्कार होता, तेथे अनोळखी भिक्षेकरी हा संशयित ठरला. पंचविसाव्या अनुच्छेदातील धर्माचरणाचा हक्क त्या दोन ठिकाणी कोणत्याही सरकारी हुकमाने नष्ट झाला नाही. तो एका संदेशाने नष्ट झाला.

यावर उपाय म्हणून सरकारच्या हाती अमर्याद अधिकार द्यावेत, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी पालघरचेच दुसरे उदाहरण आठवावे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बंदविषयी फेसबुकवर मत व्यक्त करणारी एक तरुणी आणि ते मत पसंत करणारी तिची मैत्रीण यांना तेथे अटक झाली होती, आणि त्यातूनच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ अ कलमास आव्हान दिले जाऊन २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. भावना दुखावल्याच्या फिर्यादीवरून माणसे उचलण्याचा अधिकार जितका सैल, तितका तो दुबळ्याच्याच विरुद्ध वापरला जातो. कायद्याने रक्षण करावयाचे आहे ते माणसाचे. मते ऐकून दुखावणाऱ्या भावनांचे नव्हे. हिंसेस चिथावणी देणारा, माणसाचे नाव आणि पत्ता जमावापुढे टाकणारा, हा गुन्हेगार; न आवडणारे मत मांडणारा नव्हे. ही रेषा पोलिसांना आणि दंडाधिकाऱ्यांना स्वच्छ दिसली पाहिजे.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट ही की विशेष विवाह कायद्यातील जाहीर नोटिशीची तरतूद संसदेने काढून टाकावी. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ही प्रसिद्धी जोडप्याने मागितली तरच करावी असे म्हटले आहे. पूर्वीचे लग्न आणि वय यांची पडताळणी कचेरीने कागदपत्रांवरून करावी, त्यासाठी गावाला साक्षीस बोलावण्याची गरज नाही. दुसरी ही की माहिती संरक्षण कायद्यात धार्मिक श्रद्धा आणि धर्माचा अभाव या दोहोंना विशेष संरक्षण द्यावे, आणि त्यातून सरकारी खात्यांनी सूट घेऊ नये. तिसरी गोष्ट महाराष्ट्र सरकार उद्याच्या उद्या करू शकते: आपल्या सर्व खात्यांचे अर्ज तपासावेत, आणि ज्या अर्जात धर्म विचारण्याचे कारण एखाद्या कायद्यात सापडत नाही त्यातून तो रकाना काढून टाकावा. चौथी ही की जमावाच्या हत्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी घालून दिलेले नियम, विशेषतः प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्याचा आणि अफवांवर लक्ष ठेवण्याचा नियम, कागदावर न राहता तालुक्याच्या ठाण्यापर्यंत पोहोचावेत.

हे अव्यवहार्य आहे असे जे म्हणतील त्यांच्यासाठी आपल्याच कायद्यात उत्तर आहे. जनगणनेत धर्म विचारला जातो, आणि तो विचारण्यास सबळ कारण आहे. पण १९४८ च्या जनगणना कायद्याचे पंधरावे कलम सांगते की त्या नोंदी कोणासही तपासता येणार नाहीत आणि त्या पुराव्यात दाखल करता येणार नाहीत. म्हणजे स्वातंत्र्यानंतर सुमारे एका वर्षाने, फाळणीच्या जखमा ताज्या असताना, या देशाच्या विधिमंडळाने श्रद्धेची नोंद कशी घ्यावी आणि कशी कुलपात ठेवावी याचा नमुना घालून दिला होता. २०२७ च्या जनगणनेच्या नोंदी प्रथमच मोबाईलवरून घेण्याचे ठरले आहे. त्या नमुन्याची कसोटी तेथे लागेल, आणि तो टिकला तर बाकीच्या सर्व खात्यांनी तोच आदर्श मानावा.

महाराष्ट्राला या बाबतीत पुढाकार घेण्याचा नैतिक अधिकार आहे. जात पंचायतींनी माणसाला वाळीत टाकणे हा अपराध ठरविणारा २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आपल्या विधिमंडळाने केला. व्यक्तीच्या स्वातंत्र्यावर तिचा स्वतःचा समाजही आक्रमण करू शकतो, हे सत्य त्यात मान्य झाले आहे. आता त्याच विचाराची पुढची पायरी चढावयाची आहे. आज जात पंचायत चावडीवर भरतेच असे नाही. ती मोबाईलच्या गटातही भरते, आणि तिचा निवाडा गावाच्या वेशीत थांबत नाही. म्हणून विधिमंडळाकडे मागणी करीत असतानाच आपण वाचकांनीही एक निश्चय करावा: कोणाच्या लग्नाची नोटीस, कोणाच्या धर्मांतराची बातमी, कोणाच्या नावापुढे धर्म लिहिलेली यादी आपल्या मोबाईलवर आली, तर ती पुढे पाठवावयाची नाही, आणि ज्याने पाठविली त्याला तसे स्पष्ट सांगावयाचे. राज्याने धर्म विचारला तर त्याचे कारण राज्याने दाखवावे, आणि नागरिकाने तो सांगितला नाही तर कारण मागू नये, एवढा साधा दंडक शासनाने, कंपन्यांनी आणि आपणही पाळला, तर पंचविसाव्या अनुच्छेदाने दिलेले वचन या नव्या युगातही खरे ठरेल.